कचेरीच्या ओसरीवरचं बाकडं

सरकारी कचेऱ्या सुधारायच्या कशा, हे शिकायला आमच्या संस्थेने मला सहा आठवडे परदेशी पाठवलं होतं. विषय होता 'विकसनशील देशांतील शासकीय कार्यक्षमता'. विकसनशील देशात जन्मून, तिथल्याच रेशनच्या रांगेत वाढून मला त्या देशाबद्दल काही कळत नाही, हे विमानात बसेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. तिथून मी दोन गोष्टी घेऊन आलो : एक स्टॉपवॉच आणि न विचारता सल्ला देण्याची सवय. दुसरी आधीपासूनच होती, असं बायकोचं म्हणणं आहे.

ऐंशीच्या दशकाची ती पहिलीच वर्षं. बिदर जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीची पाहणी करायला माणूस हवा होता. मी अर्जात 'कन्नड : कामापुरते येते' असं ठोकून दिलं होतं, म्हणून माझी निवड झाली. माझं कन्नड म्हणजे सोलापूरच्या मावशीकडे शिकलेले तीन शब्दप्रयोग : 'ऊट आयता' (जेवण झालं का), 'बर्री' (या) आणि 'गोत्तिल्ला' (ठाऊक नाही). तिसऱ्याचा उपयोग मी सगळ्यांत कमी केला आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मे महिना संपत आला होता. सोलापूरहून बस निघाली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन दुपारचं होतं. नळदुर्ग गेलं, उमरगा गेलं. नांगरून ठेवलेली काळी रानं दोन्ही बाजूंना नुसती भाजत पडली होती. पुढे पुढे त्या काळ्यात लाल माती मिसळू लागली. शेजारी एक धोतरवाले गृहस्थ मांडीवर आंब्याची करंडी घेऊन बसले होते.

"कुठं जायलाव?" त्यांनी विचारलं.

"कचेरी सुधारायला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या छोट्या बॅगेकडे पाहिलं. "मग लई दिवस ऱ्हावं लागंल की. बिछाना आणलाव का?"

मी हसलो. पुण्याच्या माणसाला असं हसता येतं. समोरच्याला काही कळत नाही हे त्यातून त्याला कळावं, अशी सोय त्यात असते.

ती कचेरी कोणत्या गावची ते मी सांगत नाही. चूक माझी, तिच्या नावाला उगाच बोल नको. लाल दगडाची जुनी इमारत, पुढे लांब ओसरी आणि ओसरीवर सागवानी बाकडं. इतकं लांब की आठ माणसं बसावीत. पण त्यावर मधोमध एकच म्हातारे गृहस्थ बसले होते. गळाबंद लांब कोट, काळी टोपी, खांद्यावर दस्ती (रुमाल). त्यांच्याभोवती माणसांचा हा घोळका. एक बाई आणि तिची अठराएक वर्षांची मुलगी त्यांच्याशी बोलत होत्या. मी खांबाआड उभं राहून स्टॉपवॉच सुरू केलं.

"गुलबर्ग्याला नर्सिंगला नंबर लागलाय महानंदाचा," बाई सांगत होती. "शनिवारी पाच वाजायच्या आत दाखला द्यायचाय. आजा-पणजापासून हितलेच हाव म्हणून. न्हाई दिला तर पुढच्या नंबराला घेतेत म्हणे."

"कागदांचा बस्ता सापडलाय काशीबाई. पान सापडायचं हाय," म्हातारे म्हणाले. "गुरुवारी या. होतंय."

मी नोंद केली : 'ओसरीवर निष्फळ संभाषण, अकरा मिनिटे.'

आत शिरस्तेदार (मुख्य कारकून) मलकप्पा अण्णांनी माझं स्वागत केलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज इतका मऊ की रागावलेला माणूस त्यांच्यासमोर बसला की चहा मागू लागे. तहसीलदार म्हैसूरकडचे, तरुण आणि कामात बुडालेले. "जे हवं ते करा," असं इंग्रजीत सांगून ते दौऱ्यावर गेले. मी मलकप्पांना म्हणालो, "ऊट आयता?" ते म्हणाले, "न्हाई हो सायेब, आत्ता तर बाराच वाजलेत." कन्नडचा विषय तिथेच संपला.

दोन दिवस मी टेबलाटेबलाशी उभा राहून वेळ मोजला. कारकून श्वास घेई, मी तो लिहून घेई. सगळे मला 'घड्याळवाले सायेब' म्हणू लागले आणि मला ते आवडलंही. मोजता मोजता एक भयंकर गोष्ट सापडली. दाखल्याचा अर्ज आला की कारकून मागच्या खोलीतून फडक्यात बांधलेला जुना कागदांचा बस्ता आणी आणि तो घेऊन चक्क ओसरीवर जाई. पंचवीस मिनिटांनी परत येई. कधी चाळीस.

"फाईल बाहेर कशाला जाते?" मी विचारलं.

मलकप्पा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वारं लागायला. जुने कागद हाईत."

"आणि तो बाकड्यावरचा माणूस कोण?"

"गुंडेराव पेशकार. हितंच नोकरीला होते, रिटायर हाईत. बसतेत हो. बसायची सवय हाय." मग जरा थांबून म्हणाले, "त्ये हाईत तसंच ऱ्हाऊ द्या सायेब."

पाहणीला आलेल्या माणसाला 'हे राहू द्या' म्हणणं म्हणजे मांजराला दुधाचं कपाट दाखवण्यासारखं. सरकारी कागद, बाहेरचा माणूस, त्याच्याभोवती गर्दी! मी त्याच दुपारी पाहणीच्या पिवळ्या फॉर्मवर लिहिलं, 'अनधिकृत व्यक्ती : एक', आणि बाकडं उचलून गोदामात ठेवायला सांगितलं. ओसरीवर पांढऱ्या रंगाने बाण काढून घेतले. खिडक्यांना आकडे दिले. गुंडेरावांनी उठून दस्ती झटकली, बाकडं उचलणाऱ्यांना 'जरा जपून, एक पाय ढिला हाय' असं सांगितलं आणि मला म्हणाले, "मेहेरबानी सायेब." त्यात टोमणा होता की नाही, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आणि कचेरी सुधारली! तिसऱ्या दिवशी दर अर्जाचा वेळ निम्म्यावर आला, चौथ्या दिवशी सकाळी आणखी खाली. मी आलेख काढला. रेघ अशी उतरत होती की पाहून डोळे निवावेत. बायकोला पत्र लिहायला घेतलं, त्यात 'क्रांती' हा शब्द दोनदा आला होता.

चौथा दिवस गुरुवार. काशीबाई आणि महानंदा आल्या, बाणांवरून चालत तीन नंबरच्या खिडकीशी गेल्या. तिथून दोनला, दोनवरून पुन्हा तीनला. शेवटी काशीबाई थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ओ सायेब, ते बाकड्यावरचे काका कुठं हाईत?"

"त्यांचं काय काम? खिडकीवर अर्ज द्या."

"खिडकीवाल्याला वाचता येतंय व्हय आमचं?"

मी मलकप्पांकडे पाहिलं. ते उठले, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. आत दोन दिवसांचे सगळे जुन्या कागदांचे अर्ज नीट रचून ठेवलेले होते. मी ज्या अर्जांचा वेळ मोजला, ते कसले होते? कोरे फॉर्म देणं, शिक्का मारणं, 'उद्या या' म्हणणं. ज्यांचं खरं काम होतं ते सगळे कपाटात होते, म्हणून माझी रेघ खाली येत होती.

मलकप्पांनी एक बस्ता सोडून माझ्यापुढे ठेवला. पिवळे पडलेले कागद आणि त्यावर उजवीकडून डावीकडे पळत सुटलेली उर्दू अक्षरं. मी चष्मा पुसून कागद हातात घेतला. महानंदाने तो हळूच काढून घेतला आणि सुलटा करून परत दिला.

"निजामाच्या येळचे हाईत," मलकप्पा म्हणाले. "पुढं म्हैसूर राज्य आलं, आम्ही कन्नड शिकून आलो. लोकं मराठी बोलतेत. कागद उर्दूचेच ऱ्हायले. काका वाचून मराठीत सांगतेत, आम्ही कन्नडमधी लिवतो. तुम्हांला कसं सांगायचं? सरकारी कागद बाहेरच्या माणसाकडं देतो म्हणून रिपोर्टात लिवलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

मी लिहिलंच असतं. लिहिलंही होतं. तीन भाषांची ती कचेरी एका बाकड्यावर उभी होती आणि मी नेमकं तेच काढून गोदामात टाकलं होतं.

गुंडेराव मुलीच्या गावी, निर्ण्याला गेले होते. कोणाला तरी पाठवतो, असं मलकप्पा म्हणाले. मी म्हणालो, मीच जातो. शनिवार संध्याकाळचे पाच आता माझ्या मानेवर होते. महानंदाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिने चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

निर्ण्याची गाडी हुमनाबादला बदलायची होती. तिथल्या स्टँडवर बसगाड्या होत्या, पाट्या होत्या आणि पाट्यांवर कन्नड होतं. 'कामापुरते कन्नड' येणाऱ्या माणसाने कोणाला काय विचारायचं? गोलगोल अक्षरांची जी पाटी मनाला पटली तिच्या गाडीत मी चढलो. गर्दीतून वाट काढत कंडक्टर माझ्यापर्यंत पोचला तेव्हा निम्मा रस्ता झाला होता.

"निर्णा? ही खटकचिंचोळीची गाडी हाय. उलटं जायलाव तुम्ही."

खटकचिंचोळीला उतरलो. परतीच्या गाडीला तास होता आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. स्टँडसमोर पत्र्याखाली एक अक्का सुसला (चुरमुऱ्याचा उपमा) आणि मिरचीची भजी विकत होती. पहिल्याच मिरचीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. ते सगळं मिरचीचं होतं असं मी म्हणणार नाही. काय झालं ते तिला सांगितलं.

"पाटी वाचता येत न्हाई का?"

"नाही येत." हे मी त्या जिल्ह्यात चार दिवसांत पहिल्यांदा कबूल केलं.

"मग इचारायचं की. इचारायला काय जातंय?" ती म्हणाली आणि पानात आणखी सुसला वाढला.

सहा आठवडे परदेशात राहून मला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक गाडीच्या दारात उभं राहून विचारत गेलो. ज्याला विचारी तो स्वतःहून मला गाडीत बसवून देई. ऊन कलायला निर्ण्यात उतरलो.

गुंडेराव अंगणात बाजेवर बसून नातीच्या पाटीवर काही लिहीत होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. लेकीने ताट आणलं. ज्वारीची भाकरी, पुंडीची (अंबाडीची) आंबट भाजी, शेंगांची चटणी. जेवण होईपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"पेशकारसाहेब, माझं चुकलं," मी शेवटी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं? तुमच्या कागदावर लिवलंय त्ये बरोबरच हाय. मी नोकरीत न्हाई. सरकारी कागद बाहेरच्याच्या हातात कामून द्यायचा?"

"मग तुम्ही बसत होतात कशाला?"

"रिटायर झालो, दुसऱ्या दिवशी मलकप्पा एक कागद घेऊन घरी आला. मग दोन घेऊन आला. म्हणलं, त्याला चकरा कामून? आपणच जाऊन बसू." त्यांनी दस्तीने तोंड पुसलं. "पर सायेब, खरं सांगू? तुमच्यापरीस माझी चूक मोठी हाय. मी बसलो म्हणून कोणाला शिकावं वाटलं न्हाई. काका हाईत की, म्हणले. उद्या माझे डोळे मिटले तर समद्या तालुक्याचे आजे-पणजे त्या बस्त्यात कोंडून ऱ्हातेत."

माझ्या सगळ्या आलेखांत हे वाक्य कुठे बसत नव्हतं.

"काशीबाईच्या पोरीचं काय झालं?" त्यांनीच विचारलं.

"शनिवारी पाचपर्यंत मुदत आहे."

ते ताडकन उठले आणि लेकीला म्हणाले, "पोरी, माझा कोट काढून ठेव. पहिल्या गाडीनं जायलोय." मग माझ्याकडे वळले. "पर बाकड्यावर बसणार न्हाई. आत, टेबलाशी बसतो. आणि रोज एक तास एक कारकून माझ्या शेजारी बसंल, वाचायला शिकायला. कबूल?"

असं काही कबूल करायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी कबूल केलं.

सकाळच्या गाडीत त्यांनी माझ्याकडून एक पिवळा फॉर्म मागून घेतला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लहान पोरासाठी काढावीत तशी मोठी, सुटी उर्दू अक्षरं काढली. "वाचा," म्हणाले. हुमनाबाद येईपर्यंत मी 'बे' आणि 'ते' यांची तीनदा गल्लत केली. पुढच्या बाकावरचा एक मेंढपाळ वळून वळून हसत होता.

शुक्रवारी अकराला बस्ता उघडला. गुंडेराव टेबलाशी बसले, शेजारी सगळ्यांत तरुण कारकून, समोर मलकप्पा लेखणी घेऊन. काशीबाई आणि महानंदा भिंतीला टेकून उभ्या. पान लवकर सापडेना. बारा वाजले, एक वाजला. घड्याळ माझ्या खिशात होतं, ते बाहेर काढायची मला भीती वाटत होती. दीडच्या सुमारास गुंडेरावांचं बोट थांबलं.

"सटवाजी वल्द भिवाजी," ते मोठ्याने वाचू लागले. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. "साकीन..." म्हणजे राहणार, आणि पुढे काशीबाईच्या वस्तीचं नाव आलं.

काशीबाईने पदर डोक्यावर घेतला. सासऱ्याच्या बापाचं नाव तिला माहीत होतं. त्याच्याही बापाचं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने पुढे होऊन त्या कागदाला हात लावला आणि हात कपाळाला नेला.

"काका, पुन्यांदा वाचा की," महानंदा म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. मलकप्पांनी कन्नडमध्ये लिहिलं. मला लाज वाटली. नुसती चुकीची नाही, त्या पांढऱ्या बाणांची, खिडक्यांच्या आकड्यांची, पत्रातल्या 'क्रांती'चीही. ह्या भिवाजीला मी दोन दिवस कपाटात कोंडलं होतं आणि वर आलेख काढला होता.

संध्याकाळी तहसीलदार दौऱ्यावरून आले. टेबलाशी बसलेले म्हातारे कोण, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, माझा मूर्खपणा न वगळता. त्यांनी दाखल्यावर सही केली, गुंडेरावांकडे पाहिलं आणि म्हणाले, "रोज एक तास कमी पडेल. दोन करा."

माझी गाडी गुलबर्ग्याहून होती, म्हणून शनिवारी आम्ही तिघे एकाच बसने गेलो. वाटेत टायर बसलं. ड्रायव्हरने चाक बदलेपर्यंत महानंदा रस्त्याकडेच्या लिंबाखाली दाखला छातीशी धरून उभी होती. तीन वाजून गेल्यावर गुलबर्ग्यात पोचलो. नर्सिंग शाळेच्या खिडकीतल्या माणसाने दाखला वर धरला, खाली धरला, मागून पुढून पाहिला. सवयीने माझा हात खिशातल्या घड्याळाकडे गेला. मी तो काढून घेतला. शिक्का बसला. महानंदा वळली आणि माझ्याकडे पाहून त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

"सायेब, लई उपकार झाले," काशीबाई म्हणाली. मी मान खाली घातली. खड्डा खणणाऱ्यानेच दोर टाकला, त्यात उपकार कसले? निघताना ती थांबली. "त्या बाकड्याचं तेवढं बगा. काका आत बसतेत, बरं झालं. पर आम्ही बायाबापड्या कुठं बसावं? पाय लई दुखतेत उभं ऱ्हाऊन."

बाकडं गोदामातच होतं. गुंडेरावांना परत आणलं म्हणजे सगळं जागच्या जागी आलं, असं मी धरून चाललो होतो. त्या बाकड्यावर कोणी पक्षकारही बसू शकतो, हे माझ्या डोक्यात सहा दिवसांत एकदाही आलं नव्हतं. स्टेशनवरूनच मलकप्पांना पत्र टाकलं.

पुण्यात मी खरा अहवाल लिहिला. 'वृद्ध माणसाकडून कारकुनांना उर्दू वाचन' हा भाग संस्थेने कापला, त्यासाठी कोणतं सदर नव्हतं. आलेख मात्र सर्वांना फार आवडला. त्या दोन दिवसांचा तो आलेख मोठा करून आमच्या व्हरांड्यात टांगला आहे. निरनिराळ्या विकसनशील देशांतले अधिकारी प्रशिक्षणाला येतात, वह्यांत उतरवून घेतात. मी जमेल तेव्हा त्यांना गाठून सांगतो की त्या दोन दिवसांत तिथे कोणाचंही काम झालं नव्हतं. ते हसतात. त्यांना वाटतं, पुण्याचा विनोद आहे.

वर्षभराने एक पोस्टकार्ड आलं. अक्षरं उर्दू, मोठी आणि सुटी. मी तो पिवळा फॉर्म शोधून काढला आणि खिडकीशी बसून एकेक अक्षर लावत गेलो. पहिली ओळ लागली तेव्हा कळलं, भाषा आपली मराठीच होती. बायकोने दोनदा चहा गरम केला. शेवटी सगळं लागलं.

'महानंदा पहिल्या वर्षी पास झाली. दोन कारकून वाचतेत. बाकडं ओसरीवर आणलं, पाय बसवून घेतला. लोकं बसतेत. तुम्ही आलाव तर सरकून घेतील.'